सहकुटुंब अकराशे किलोमीटर: विमान सोडून गाडी काढावी का?

सांजपाखरू

मंडळी, घरात आठवडाभर एकाच विषयाचा खल चाललाय, म्हणून शेवटी इथे धागा काढते. पोरांच्या सुट्टीत दहा दिवस बाहेर जायचं पक्कं आहे. ठिकाण ठरलंय, राहायची सोय झालीये. जायचं कसं, एवढ्यावरच घोडं अडलंय. अंतर एका बाजूने अकराशे किलोमीटर. आम्ही पाच जण: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, चार वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे बोलतात. (हे त्यांचेच शब्द. "आज डावा बोलतोय.")

विमान थेट आहे, पावणेदोन तासांचं. ऐकताना विषय तिथेच संपतो. पण घरापासून विमानतळ दीड तास, दोन तास आधी पोचायचं, उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी पाऊण तास धरा, आणि तिथून मुक्काम १४० किलोमीटर, सगळा वळणांचा चढ, म्हणजे साडेतीन तास. नवऱ्याने बेरीज केली तर दारापासून दारापर्यंत साडेनऊ तास भरले. गाडीने फोनवरचा नकाशा साडेसोळा तास दाखवतो. म्हणजे जाताना दोन दिवस, येताना दोन. दहातले चार दिवस रस्त्यावर.

तरीही गाडीचा विचार का? मागच्या वर्षीचं विमान. उड्डाण पाच तास उशिरा. सासूबाई व्हीलचेअरवर एका कोपऱ्यात, आणि त्यांना ढकलत न्यायला येणारा माणूस आत्ता येतो म्हणून गेलेला. पुढे विमान खाली उतरायला लागलं तसे धाकट्याचे कान दुखायला लागले. रडून रडून शेवटी माझे दोन्ही तळहात ओढून स्वतःच्या कानांवर दाबले आणि म्हणाला, "आई, हे बंद कर ना." ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

शिवाय तिकिटं डोईगणिक, म्हणजे पाचपट. गाडीत पाच बसले काय नि दोघं बसले काय, पंपावर फार फरक पडत नाही. आणि तिथे पोचल्यावर हाताशी गाडी.

अडचण एकच. चालवायला आम्ही दोघं, पण महामार्गावर मी सलग दोन तासांपेक्षा जास्त कधी चालवलेली नाही. अनुभवी लोकांनी सांगा. "जाऊ नका" म्हणालात तरी चालेल, फक्त कारण द्या.

गिअरपाचवा

गाडी. डोळे झाकून गाडी.

उलटतपासणी

डोळे उघडे ठेवून चालवा एवढंच सांगतो.

मोजूनमापून

ताई, पहिली गोष्ट, नकाशाच्या साडेसोळा तासांवर विश्वास ठेवू नका. नकाशातल्या गाडीला ना पोरं असतात ना पोट. मी गेली अनेक वर्षं घरच्यांना घेऊन फिरतोय, माझा हिशोब असा: नकाशाचा वेळ गुणिले १.३. तुमचे साडेसोळा तास झाले साडेएकवीस. ते दोन दिवसांत बसवायचे तर रोज पावणेअकरा तास. बसतात, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीतून जी माणसं उतरतात ती सुट्टीला आलेली दिसत नाहीत.

माझ्या घरचा नियम: दिवसाला पाचशे किलोमीटर किंवा प्रत्यक्ष आठ तास चाक हातात, यातलं जे आधी होईल तिथे मुक्काम. तुमच्या बाबतीत ते अडीच दिवस होतात. अर्धा दिवस वाया नाही जात, वाटेत काहीतरी बघता येतं.

आणि वेग वाढवून वेळ भरून काढू या भ्रमात कुणी राहू नये. शंभर किलोमीटर अंतर १०० च्या वेगाने एक तास, १२० च्या वेगाने पन्नास मिनिटं. वाचली दहा मिनिटं. त्यासाठी हवेचा विरोध मात्र ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ती दहा मिनिटं पुढच्या टोलनाक्याच्या रांगेत जातात, वर तेल जास्त जळतं ते वेगळंच.

स्टेपनीवाला

अंतर आणि वेळ यावर सगळे बोलतील, मी गाडीवर बोलतो.

टायर. हवा थंड टायरमध्ये भरा, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना किंवा अगदी जवळच्या पंपावर. दोनशे किलोमीटर पळवून मग हवा तपासली तर काटा जास्तच दाखवणार, कारण आतली हवा तापलेली असते. तिथे "जास्त झाली" म्हणून सोडायला सांगू नका. हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. पंपावरचा पोरगा मोठ्या उत्साहाने चारही टायरमधली हवा सोडत होता आणि गाडीमालक बाजूला कौतुकाने उभे. हवा किती हवी ते चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर असतं. त्यात बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी. पाच जण आणि दहा दिवसांचं सामान म्हणजे तुमचा आकडा दुसरा.

टायरचं वयही बघा. बाजूच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. ३२२१ असेल तर २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसतेय म्हणून आठ-दहा वर्षांचं रबर घेऊन उन्हातल्या महामार्गावर जाऊ नये. खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला, खाचेतले छोटे उंचवटे त्यासाठीच दिलेले असतात.

आता माझं टोपणनाव सार्थ करतो. स्टेपनी! शंभरातल्या किती लोकांनी गेल्या वर्षभरात स्टेपनीची हवा बघितली असेल? छोटी, बारीक स्टेपनी असेल तर तिच्यात साधारण ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते, नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट, आणि ती लावून ८० च्या वर जायचं नसतं. दुसरं म्हणजे ती सामानाच्या तळाशी असते. भर पावसात, रस्त्याच्या कडेला सहा बॅगा उतरवून मग स्टेपनी काढायची वेळ एकदा आली की माणूस पुढच्या वेळी जॅक आणि पाना तरी वर ठेवतो.

छपरावर सामान शक्यतो नको. मायलेज पडतं आणि गाडी वाऱ्याला हलते. जड बॅगा डिकीत खाली, मागच्या सीटला टेकून. मागच्या काचेपाशी काहीही सुटं ठेवू नका, करकचून ब्रेक लागला की ते पुढे येतं. आणि चालकाच्या पायाशी बाटली नको. नको म्हणजे नको.

सांजपाखरू

स्टेपनीवाले काका, लगेच खाली जाऊन बघितलं. आमच्या स्टेपनीत हवा इतकी कमी की अंगठ्याने दाबली तर दबली. नवरा म्हणतोय या धाग्याचे पैसे वसूल.

उलटतपासणी

सगळे गाडीच्या बाजूने दिसतात, म्हणून मी वाईटपणा घेतो.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत कित्येक लोकांनी विमान सोडून गाडीने जायला सुरुवात केली. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नंतर रस्त्यावरच्या मृत्यूंचे आकडे तपासले. पुढच्या बारा महिन्यांत नेहमीपेक्षा सुमारे १५०० माणसं जास्त मेली, असा त्याचा अंदाज. ही माणसं विमानाला घाबरून रस्त्यावर आली होती. त्यांच्या बातम्या झाल्या नाहीत, कारण ती एकेक दोनदोन करून गेली.

किलोमीटरमागे धोका मोजला तर नियमित प्रवासी विमान गाडीपेक्षा कितीतरी पट सुरक्षित आहे, यात वादाला जागा नाही. तुम्ही जो निर्णय घेताय त्यात कानदुखी आणि तिकीट एका पारड्यात आहे. दुसऱ्या पारड्यात बावीसशे किलोमीटर रस्ता आहे, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. म्हटलं.

सांजपाखरू

कारण मागितलं होतं, मिळालं. खरं सांगायचं तर वाचून पोटात गोळा आला. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पण त्या आकड्यात दारू पिऊन चालवणारे, पट्टा न लावणारे, रात्रीचे पेंगणारे सगळे आले. आपण त्यातले नाही." हे बरोबर आहे का स्वतःची समजूत, मला ठरवता येत नाही.

उलटतपासणी

थोडं बरोबर आहे. धोका सगळ्यांमध्ये सारखा विभागलेला नसतो. पाचही जणांचा पट्टा, दिवसाचा प्रवास, ताजा चालक, एवढ्याने तो बराच खाली येतो. शून्य होत नाही, कारण समोरून येणारा तुमच्या घरचा नियम पाळत नाही.

रात्रपाळी

एवढा कशाला विचार करता. रात्री दहाला निघा, पोरं झोपतात, म्हातारी माणसं झोपतात, रस्ता रिकामा, ऊन नाही. सकाळी नऊला सातशे किलोमीटर मागे पडलेले असतात. आम्ही नेहमी असंच करतो. मुक्कामाचा खर्चही वाचतो.

दुपारची_गाडी

रात्रपाळी, तुमचं वाचून हे लिहितोय, इतके दिवस कुणाला सांगितलेलं नाही. टोपणनाव आहे म्हणून लिहितोय.

आम्हीही असेच निघालो होतो. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी सामान भरलं, रात्री साडेदहाला चाकावर. दोनपर्यंत मी एकदम मजेत. उलट वाटत होतं काय झकास चाललीये गाडी. चार वाजून दहा मिनिटांनी (घड्याळ बघितल्याचं आठवतं, कारण त्यानंतर लगेच बघितलं) डावीकडच्या कडेला जे खडबडीत पट्टे असतात त्यांवर चाकं गेली आणि पूर्ण गाडी थडथडथड करून हादरली. त्या आवाजाने मी जागा झालो. जागा झालो म्हणजे त्याआधी झोपलेलो होतो. डोळे मिटल्याचं मला कळलंसुद्धा नव्हतं. मला शेवटचं आठवत होतं ते एका ट्रकचे मागचे दिवे, आणि जागा झालो तेव्हा तो ट्रक कुठेच नव्हता.

पुढे उजेडाच्या ठिकाणी गाडी थांबवली, उतरलो, तोंडावर पाणी मारलं. काचेतून आत बघितलं. तिघंही झोपलेले. मुलीचं तोंड उघडं, हातात तिचं कापडी अस्वल. बायकोने डोळे किलकिले करून विचारलं, "आलो का?" मी म्हटलं, "नाही, जरा पाय मोकळे करतोय."

घरी आल्यावर वाचन केलं. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छोटा लेख लिहिला होता. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं बिघडतं. मी सकाळी सहाला उठलो होतो. म्हणजे माझे सतरा तास रात्री अकरालाच भरले होते, निघून अर्धा तास झाला होता! चार वाजता बावीस. आणि पहाटे दोन ते सहा शरीराची घडी अशीच असते की झोप येणारच, इच्छाशक्ती वगैरे काही चालत नाही. शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. चार सेकंद डोळे मिटले तर शंभर मीटरहून जास्त रस्ता कुणीच गाडी चालवत नव्हतं.

गाणी मोठ्याने लावणं, खिडकी उघडणं, गालावर चापट्या मारणं हे मी सगळं केलं होतं. त्याने पाच मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. झोपेवर उपाय झोप. थांबून कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं सीट मागे करून पडायचं. कॉफी अंगात भिनायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होते. हेसुद्धा तात्पुरतंच. आता आम्ही सूर्य उगवल्यावर निघतो आणि मावळायच्या आत खोलीत असतो.

रात्रपाळी

...

खरं सांगू का, मलाही एकदा एका वळणाचं काही आठवत नाही. विचार करतो.

खिडकीपाशी

दुपारची_गाडी, लिहिलंत हे बरं केलंत. बायकोला सांगा.

एक भर: एसीत "आतली हवा" बटण चालू ठेवून तासन्‌तास जाऊ नका. पाच जणांच्या श्वासाने बंद गाडीत कार्बन डायॉक्साइड भराभर वाढतो, डोकं जड होतं, डोळ्यांवर येतं, आणि माणूस म्हणतो जेवण जास्त झालं. धुराचा ट्रक पुढे असेल तेवढ्यापुरतं आतलं, बाकी बाहेरचं.

रामबाण_नाही

सासूबाईंबद्दल कुणी बोललं नाही. मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, पण हा सल्ला तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही.

पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याला लोक विमानाचा आजार समजतात. कारण विमान नसून एका जागी बसून राहणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुपटीने वाढतो असं आढळलं, मग ते विमान असो, रेल्वे, बस किंवा गाडी. मुळात धोका लहान, त्याची दुप्पट. पण वय, पूर्वी गाठ झालेली असणं, नुकतं ऑपरेशन, असं काही असेल तर आधी विचारा. आजींना दर दीड-दोन तासांनी उतरवून पाच मिनिटं चालवा, पाणी कमी पिऊ देऊ नका. स्वच्छतागृह मिळेल का या भीतीने बायका दिवसभर घोटभर पाण्यावर राहतात, आणि ते सगळ्यात वाईट. पुढची सीट त्यांना द्या. गुडघे दुमडून मागे मधोमध बसवू नका.

विमानाच्या बाजूने एक सांगायचं तर, केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असल्यासारखा ठेवलेला असतो. निरोगी म्हातारी माणसं ते सहज सोसतात. कान दुखतात ते उतरताना, दाब झपाट्याने वाढतो आणि घसा-कानाची नळी वेळेवर उघडत नाही म्हणून. मुलांमध्ये ती अरुंद असते, सर्दी असेल तर आणखी वाईट. उतरायला सुरुवात झाली की मूल जागं ठेवायचं आणि काहीतरी चोखायला, गिळायला द्यायचं. म्हणजे फक्त त्या कारणाने विमान कायमचं बाद करायची गरज नाही.

सांजपाखरू

हे माहीत असतं तर मागच्या वर्षी धाकट्याला मुद्दाम झोपवलं नसतं. "झोपला की उतरेपर्यंत उठणार नाही" म्हणून मीच थोपटलं होतं.

दोन_पोरांची_आई

अगं, मी दोन वांतीवाली पोरं घेऊन फिरलेय, विचार मला.

गाडी लागण्याचं वय साधारण दोन ते बारा. तुझी दोन्ही त्यात बसतात. डोळे सांगतात "स्थिर आहे", कानाच्या आतला तोल सांगणारा भाग म्हणतो "हलतोय", या भांडणात पोट मध्ये सापडतं. म्हणून पुस्तक, मोबाइल, टॅब बंद, निदान वळणांवर तरी. नजर लांब, समोर. लेकीला मागे मधल्या जागेवर बसवलंस तर तिला समोरचा रस्ता दिसेल. चार वर्षांच्याला त्याची मुलांची सीट हवीच, आणि ती मागच्या सीटवरच. मांडीवर घेणं हा लाड नाही, आपटलं तर ते मूल हातात राहत नाही. उलटीची गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. आणि चालवणाऱ्याने चुकूनही घेऊ नये, त्यातल्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते.

कपड्यांचा एक जोड, ओले कागदी रुमाल आणि घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या डिकीत ठेवू नकोस. पायाशी ठेव. हा धडा मी कोणत्या परिस्थितीत शिकले ते वर्णन इथे करत नाही, लोक जेवत असतील.

"अजून किती वेळ?" यावर आमच्याकडे असं केलं: मुलीला कागदावर रस्ता काढून दिला, मोठी गावं, नद्या, बोगदे लिहून. एकेक आलं की ती खूण करायची. भावाने विचारलं की तीच उत्तर द्यायची. आम्ही सुटलो.

गिअरपाचवा

मीच तो डोळे झाकून सांगणारा. पर्यावरणाचं कुणी काढलं नाही अजून, आश्चर्य आहे.

मोजूनमापून

काढतो. तुमची गाडी शंभर किलोमीटरला सहा-साडेसहा लिटर पिते धरा. नव्या छोट्या पल्ल्याच्या विमानात भरलेल्या सीटमागे साधारण तीन लिटरच्या आसपास जातं. म्हणजे एकट्याने गाडी काढली तर विमान बरं, दोघं असाल तर उन्नीस-बीस, पाच असाल तर गाडी सरळ जिंकते. रेल्वे दोघांनाही हरवते, पण ताईंच्या ठिकाणी रेल्वे जात नसावी.

सांजपाखरू

नाही जात. मुक्कामापासून सगळ्यात जवळचं स्टेशन दोनशे किलोमीटरवर.

भाड्याचीगाडी

तिसरा पर्याय कुणीच मांडला नाही. विमानाने जा, उतरल्यावर गाडी भाड्याने घ्या. शेवटचे १४० किलोमीटर आणि तिथलं फिरणं दोन्ही सुटतं. फक्त मुलांची सीट आधी सांगून ठेवा आणि ताब्यात घेताना गाडीच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, ओरखड्यांसकट. परदेशात करणाऱ्यांसाठी: आंतरराष्ट्रीय परवाना दोन वेगवेगळ्या करारांखाली मिळतो, १९४९ आणि १९६८ चा. पहिल्याची मुदत एक वर्ष, दुसऱ्याची तीन वर्षांपर्यंत. कुठला देश कुठला मानतो ते बघून मगच काढा, आणि मूळ परवाना सोबत लागतोच.

सांजपाखरू

पाहिलं होतं. पाच तिकिटं अधिक आठ दिवस भाड्याची गाडी म्हणजे नवऱ्याची बेरीज बघून आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललोच नाही.

असो. निर्णय झाला. गाडी. पण मोजूनमापून यांच्या हिशोबाने: जाताना दोन मुक्काम, तीन दिवस. उजाडल्यावर निघायचं, अंधार पडायच्या आत थांबायचं. दर दोन तासांनी चालक बदल, म्हणजे माझीही पाळी. दहा दिवसांच्या रजेला नवऱ्याने दोन दिवस जोडून घेतलेत. सासूबाईंना विचारलं होतं, तुम्ही विमानाने या, तिथे घ्यायला येतो. त्या म्हणाल्या, "मला वरून काय दिसणार, कापूस?"

आल्यावर लिहीन.

उलटतपासणी

शुभेच्छा. मनापासून. पोचलात की एक ओळ टाका.

सांजपाखरू

पोचलो. सगळे ठीक. रेंज जेमतेम आहे. नंतर लिहिते.

स्टेपनीवाला

छान. परतायच्या आदल्या दिवशी हवा. थंड टायरमध्ये.

सांजपाखरू

आलो परत. चार दिवस झाले, कपड्यांचा ढीग अजून तसाच आहे, पण आधी हे लिहिते नाहीतर राहून जाईल.

जाताना फार म्हणजे फार छान झालं. पहिल्या दिवशी ४२० किलोमीटरच केले. दुपारी तीनला मला डोळ्यांवर यायला लागलं, तसं सांगितलं, थांबलो. लाज वाटली नाही, याचं श्रेय दुपारची_गाडी यांना. दुसऱ्या दिवशी एका नदीच्या पुलानंतर सासूबाई म्हणाल्या, थांबव जरा. त्यांना काठावर जायचं होतं. गुडघे बोलत असताना त्या उतरणीवरून लेकीचा हात धरून गेल्या, पाण्यात हात घातला आणि परत आल्या. वीस मिनिटं लागली. कोणत्याही यादीत नसलेली जागा. पूर्ण सहलीत त्या सगळ्यात जास्त त्याच नदीबद्दल बोलल्या.

लेकीचा कागद भन्नाट चालला. तिने बोगदे मोजले, अकरा निघाले. बाराव्यावरून तिचं आणि बापाचं भांडण झालं, तो बोगदा की पूल.

आता वाईट. परतीचा दुसरा दिवस, नवरा चालवत होता, उताराची वळणं. धाकट्याची पाण्याची बाटली मागून सीटखालून घरंगळत पुढे आली आणि ब्रेकच्या पायपट्टीखाली गेली. मला फक्त त्याचा चेहरा दिसला. त्याने ब्रेक दाबला, तो अर्ध्यावर अडकला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून वेग कमी होता, त्याने हँडब्रेक हळूहळू ओढत कडेला घेतली. कुणाला काही झालं नाही. मागे कुणाला कळलंसुद्धा नाही, सासूबाई म्हणाल्या, "काय रे, फूल दिसलं का काही?" आम्ही दोघं पाच मिनिटं नुसते बसून होतो. स्टेपनीवाले काका, तुम्ही लिहिलं होतं. चालकाच्या पायाशी नको म्हणून. आम्ही पायाशी ठेवली नव्हतीच. मागच्या सीटवरची बाटली पुढे येऊ शकते हे डोक्यात आलं नव्हतं. आता प्रत्येक बाटलीला दाराच्या खणात जागा, किंवा जाळीच्या पिशवीत.

दुसरं, परतीला आमचा नियम मोडला. तिसऱ्या दिवशी घर "फक्त" १८० किलोमीटर राहिलं होतं आणि अंधार पडत आला होता. नवरा म्हणाला, काढूया, अडीच तास. मी म्हटलं थांबूया. भांडलो, पोरांसमोर. घर दिसायला लागलं की माणसाचं डोकं कसं बदलतं ते बघितलं. शेवटी मी चालवलं, ८० च्या वर न जाता, रात्री साडेनऊला पोचलो. बरोबर केलं असं वाटत नाही, फक्त काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला आणि तिथून फोन केला की मीटिंगमध्ये पेंगलो.

पुन्हा जाल का, असं विचारलं तर: अकराशे किलोमीटर, नाही. सहाशे-सातशेपर्यंत नेहमी गाडी. त्याच्या पुढे विमान आणि तिथे भाड्याची गाडी, मग बेरीज काहीही येवो, दिवस कमी करू पण असंच करू. सासूबाईंचं मत वेगळं आहे. त्या विचारताहेत पुढच्या वर्षी कुठल्या नदीला जायचं.

दोन_पोरांची_आई

उलट्या किती?

सांजपाखरू

एक. नवऱ्याची. मागे बसून मोबाइल बघत होता.

दुपारची_गाडी

बायकोला सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. आता लांबच्या प्रवासात ती पुढे बसून जागी असते, आणि दर तासाला विचारते, "पाय मोकळे करायचेत का?"

स्टेपनीवाला

स्टेपनीची हवा घरी आल्यावर परत बघितली का?

सांजपाखरू

काका, आत्ता जाते खाली.